अमानतदार हकीम अजमल खान

(आपल्या घराण्याची विद्या, आपली कमाई आणि आपले नाव ही स्वतःची मालमत्ता नसून लोकांची अमानत आहे, असे मानणाऱ्या एका थोर वैद्याचे हे चरित्र आहे. दिल्लीचे आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालय कसे उभे राहिले आणि त्याच्या विश्वस्तांनी कोणती सेवा केली, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, अमानत हा शब्द तुम्ही घरात नेहमी ऐकता. शेजारीण गावाला जाताना आपल्या आईजवळ दागिने ठेवून जाते. ते दागिने आपल्या कपाटात असतात, पण आपले नसतात. ते जपायचे आणि जसेच्या तसे परत करायचे. मराठीत अशा वस्तूला ठेव म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्या माणसाला विश्वस्त म्हणतात. शाळा, रुग्णालये, अनाथाश्रम अशा संस्था विश्वस्तांच्या हाती असतात. संस्थेची जमीन, इमारत, पैसा हे सारे त्यांच्या ताब्यात असते, पण त्यातला एक पैसाही त्यांचा नसतो. हे काम सोपे नाही. हकीम अजमल खान यांनी ते आयुष्यभर केले.

दिल्लीच्या चांदणी चौकाजवळ बल्लीमारान नावाची जुनी वस्ती आहे. तेथे शरीफ मंझिल नावाची हवेली आहे. या हवेलीत पिढ्यान्‌पिढ्या हकीम राहत होते. मोगल बादशाह शाह आलम यांच्या काळातील प्रसिद्ध हकीम शरीफ खान हे या घराण्याचे मूळ पुरुष. त्यांच्या नावावरून या घराण्याला शरीफी घराणे म्हणत. कवी मिर्झा गालिब याच वस्तीत, या हकिमांच्या शेजारी राहत असत.

१८५७ साली दिल्लीवर मोठे संकट आले. इंग्रजांनी दिल्ली पुन्हा जिंकल्यावर घरेदारे लुटली गेली. असंख्य माणसे मारली गेली. त्या वेळी शरीफ मंझिलचे प्रमुख हकीम महमूद खान होते. या घराण्यातील हकीम पतियाळाच्या महाराजांच्या पदरी होते. महाराजांनी इंग्रजांना मदत केली होती, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांनी या गल्लीच्या रक्षणासाठी आपले शिपाई पाठवले. त्यामुळे गल्ली वाचली. हकीम महमूद खान यांनी आपल्यापुरते पाहिले नाही. जीव वाचवण्यासाठी धावत आलेल्या अनेकांना त्यांनी आसरा दिला. त्याबद्दल त्यांना काही दिवस अटकेतही राहावे लागले. शरीफ मंझिलचे दार संकटात सापडलेल्यासाठी बंद होत नाही, अशी त्या घराची कीर्ती झाली.

या महमूद खान यांच्या घरी ११ फेब्रुवारी १८६८ रोजी अजमल खान यांचा जन्म झाला. तीन भावांत ते सर्वांत धाकटे होते. लहानपणीच त्यांनी कुराण मुखोद्गत केले. अरबी आणि फारसी भाषा ते शिकले. वैद्यकाचे शिक्षण त्यांना घरातच मिळाले. वडील आणि थोरले भाऊ रोगी तपासत, तेव्हा अजमल खान जवळ बसून पाहत. नाडी कशी पाहावी, रोग्याच्या चेहऱ्यावरून काय ओळखावे, कोणते औषध कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे ते वाचून शिकले आणि पाहूनही शिकले. त्यांना कवितेचीही आवड होती. शैदा या नावाने ते उर्दू आणि फारसी काव्य लिहीत.

त्या काळी हकिमाची विद्या घराण्यातच राहत असे. बाप मुलाला शिकवी, काका पुतण्याला शिकवी. एखादे गुणकारी औषध सापडले, तर ते गुप्त ठेवले जाई. हकीम वारला की पुष्कळदा ते औषधही त्याच्याबरोबर जाई. अजमल खान यांचे थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांना ही पद्धत पटली नाही. विद्या उघडपणे शिकवली पाहिजे, असे त्यांचे मत होते. १८८० नंतरच्या दशकात त्यांनी दिल्लीत मदरसा तिब्बिया ही वैद्यकाची शाळा सुरू केली. कोणत्याही घरातला मुलगा तेथे येऊन युनानी वैद्यक शिकू लागला. एका घराण्याची विद्या लोकांच्या स्वाधीन करण्याचे हे पहिले पाऊल होते.

१८९२ मध्ये अजमल खान रामपूरच्या नवाबांचे मुख्य वैद्य झाले. सुमारे दहा वर्षे ते तेथे होते. रामपूरचे ग्रंथालय फार समृद्ध होते. अरबी, फारसी हस्तलिखितांचा तेथे मोठा संग्रह होता. या ग्रंथालयाची देखरेखही अजमल खान यांच्याकडे होती. त्यामुळे त्यांना जुने वैद्यकीय ग्रंथ मनसोक्त वाचता आले. दरबारात मान होता, पगार होता, आराम होता. परंतु १९०१ मध्ये थोरले बंधू अब्दुल मजीद खान वारले. त्यानंतर थोड्याच वर्षांत मधले बंधू वासिल खान हेही गेले. शरीफ मंझिलमध्ये येणारे रोगी, मदरसा आणि त्यातील विद्यार्थी या सर्वांची जबाबदारी धाकट्या अजमल खान यांच्यावर येऊन पडली. ते दिल्लीला परतले.

दिल्लीत त्यांचा दिवस पहाटे सुरू होई. सकाळी हवेलीत रोग्यांची रीघ लागे. हकीमसाहेब एकामागून एक नाडी पाहत आणि औषध लिहून देत. त्यांच्या फीचा नियम मोठा विलक्षण होता. दिल्लीत जो त्यांच्याकडे येईल त्याच्याकडून, मग तो श्रीमंत असो की गरीब, ते फी घेत नसत. परंतु एखाद्या राजाने वा नवाबाने त्यांना दिल्लीबाहेर बोलावले, तर ते दिवसाला एक हजार रुपये घेत. त्या काळी ही रक्कम फारच मोठी होती. ज्याला परवडते त्याच्याकडून घ्यावे आणि ज्याला गरज आहे त्याच्यासाठी खर्चावे, हा त्यांचा हिशेब होता.

मदरसा चालवायचा तर पैसा हवा. वर्गणीवर शाळा किती दिवस चालणार? वर्गणी आज येते, उद्या येत नाही. हकीमसाहेबांनी यावर चांगला उपाय शोधला. १९०३ च्या सुमारास त्यांनी हिंदुस्तानी दवाखाना सुरू केला. मराठीत दवाखाना म्हणजे डॉक्टरांची रोगी तपासण्याची जागा. परंतु हा दवाखाना म्हणजे औषधे तयार करून विकण्याचे ठिकाण होते. पूर्वी रोगी हकिमाची चिठ्ठी घेऊन बाजारात जाई. तेथे अत्तार जी पुडी बांधून देईल ती खरी मानावी लागे. पुडीत जुनी, कीड लागलेली मुळी आहे की दुसऱ्याच झाडाची साल आहे, हे रोग्याला कळत नसे. औषध खोटे असले, तर हकिमाचे ज्ञान काय कामाचे? हिंदुस्तानी दवाखान्यात मात्र वनस्पती पारखून घेत. शरबत, माजून, चूर्ण, गोळ्या ठरलेल्या प्रमाणात तयार होत. तेथे युनानी औषधे मिळत, तशीच आयुर्वेदिकही मिळत. लोकांचा विश्वास बसला आणि विक्री वाढत गेली. या दवाखान्याचा नफा हकीमसाहेबांनी आपल्या घरात नेला नाही. तो विद्यादानाच्या कामासाठी दिला. अशा रीतीने एकाच झाडाला दोन फळे लागली. रोग्यांना शुद्ध औषध मिळाले आणि विद्यार्थ्यांना शाळा मिळाली.

स्त्रियांच्या हालांकडेही त्यांचे लक्ष होते. त्या काळी पडद्यातील स्त्रिया पुरुष वैद्याकडे जात नसत. बाळंतपण अशिक्षित सुइणींच्या हाती असे. अस्वच्छतेमुळे कितीतरी माता आणि बालके दगावत. १९०९ मध्ये हकीमसाहेबांनी स्त्रियांसाठी वेगळी तिब्बी शाळा काढली. तेथे मुलींना सुइणीचे आणि स्त्रीरोगांचे शिक्षण मिळू लागले. मुलींना लिहायला शिकवावे की नाही, यावर जेव्हा वाद चालत होते, तेव्हा त्यांनी मुलींना वैद्यक शिकवायला सुरुवात केली.

याच सुमारास देशी वैद्यकावर एक संकट आले. सरकार डॉक्टरांची नोंदणी करण्याचे कायदे करू लागले. आपल्या मुंबई प्रांतात असा कायदा १९१२ मध्ये झाला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांचीच त्यात नोंद होई. वैद्य आणि हकीम यांना त्यात स्थान नव्हते. खेड्यापाड्यांत तर डॉक्टर नव्हतेच. तेथील लोकांना वैद्य आणि हकीम यांचाच आधार होता. सरकारने त्यांना मान्यता दिली नाही, तर ही विद्या हळूहळू नष्ट होईल, अशी भीती निर्माण झाली. महाराष्ट्रात वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिक येथे वैद्यांचे संमेलन भरवून त्यांना एकत्र आणण्याचे काम सुरू केले होते. दिल्लीत अजमल खान यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. १९१० मध्ये त्यांनी वैद्य आणि हकीम या दोघांची एकच परिषद स्थापन केली. वैद्य वेगळे आणि हकीम वेगळे राहिले, तर दोघेही बुडतील, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु त्यांना केवळ सरकारविरुद्ध तक्रार करायची नव्हती. आपल्यातही दोष आहेत, हे ते मोकळेपणाने मान्य करत. शरीररचनेचे ज्ञान जुन्या पुस्तकांवरच थांबले आहे, शस्त्रक्रिया आपण विसरलो आहोत, नव्या शोधांकडे आपण पाठ फिरवली आहे, असे त्यांना वाटे. दुसऱ्यांकडे चांगले काय आहे, हे स्वतः पाहावे म्हणून १९११ मध्ये ते युरोपला गेले. लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना अशा शहरांतील रुग्णालये आणि संस्था त्यांनी पाहिल्या.

लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात तेव्हा डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हे तरुण भारतीय डॉक्टर काम करत होते. त्यांनी हकीमसाहेबांची ओळख तेथील प्रमुख शल्यचिकित्सक डॉ. बॉइड यांच्याशी करून दिली. या भेटीची एक गोष्ट सांगतात. एका रोग्याच्या पोटात दुखत होते. त्याचे दुखणे पित्ताशयात आहे, असे डॉ. बॉइड यांचे मत होते. हकीमसाहेबांनी रोग्याला तपासले आणि दुखणे आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आहे, असे सांगितले. शस्त्रक्रिया झाली, तेव्हा हकीमसाहेबांचे निदान बरोबर निघाले. डॉ. बॉइड यांनी ते मोकळ्या मनाने मान्य केले आणि हकीमसाहेबांना आपल्या घरी जेवायला बोलावले. या गोष्टीत हकिमाचा विजय झाला म्हणून आपण आनंद मानतो. परंतु हकीमसाहेबांनी त्यातून वेगळाच धडा घेतला. पोट उघडून पाहता आले, म्हणून खरे काय ते कळले. शस्त्रक्रियेची ती विद्या आपल्या विद्यार्थ्यांनाही आली पाहिजे, हा विचार घेऊन ते परत आले.

आता मदरशाचे मोठे महाविद्यालय करायचे होते. हे काम एका माणसाचे नव्हते. हकीमसाहेबांनी काही सहकारी जमवले आणि १२ ऑगस्ट १९११ रोजी अंजुमन-ए-तिब्बिया ही संस्था कायद्याप्रमाणे नोंदवली. १९१५ मध्ये या संस्थेचे नाव बदलले. आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयाचे विश्वस्त मंडळ, असे नवे नाव ठेवले गेले. मुलांनो, या नावाकडे जरा लक्ष द्या. संस्था उभारण्यात एका युनानी हकिमाचा पुढाकार होता, पण नावात आयुर्वेद आधी आणि युनानी नंतर आले. दुसरी गोष्ट म्हणजे, या नावात शरीफी घराणे कोठेही नाही. अजमल खान यांनी मनात आणले असते, तर घराण्याचे नाव सहज देता आले असते. त्यांनी तसे केले नाही.

विश्वस्त मंडळाने कोणते काम केले? त्यांनी करोल बाग येथे जागा मिळवली. त्या काळी तो भाग दिल्ली शहराच्या बाहेर होता. देणग्या गोळा केल्या. संस्थानिकांनी, व्यापाऱ्यांनी आणि सामान्य लोकांनीही मदत केली. अभ्यासक्रम ठरवला. युनानी शाखेच्या आणि आयुर्वेद शाखेच्या विद्यार्थ्यांना आपापले ग्रंथ शिकवायचे, पण शरीररचना, रसायनशास्त्र, शस्त्रक्रिया यांसारखे विषय नव्या पद्धतीने शिकवायचे, असे ठरले. काही जुन्या वळणाच्या हकिमांना ही भेसळ वाटली. काही डॉक्टरांना ती वेळेची नासाडी वाटली. दोन्ही बाजूंनी टीका झाली, तरी हकीमसाहेब मागे हटले नाहीत.

२९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते महाविद्यालयाची कोनशिला बसवण्यात आली. सरकारशी त्या वेळी हकीमसाहेबांचे संबंध चांगले होते. सरकारने त्यांना हाजिक-उल-मुल्क ही पदवी आणि कैसर-ए-हिंद पदकही दिले होते. परंतु पुढची पाच वर्षे देशासाठी फार मोठ्या उलथापालथीची ठरली. १९१९ मध्ये रौलट कायदा आला. जालियनवाला बागेत निरपराध माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हकीमसाहेब महात्मा गांधींच्या जवळ आले. १९२० मध्ये त्यांनी सरकारची पदवी आणि पदक परत केले. तेव्हा लोकांनीच त्यांना मसीह-उल-मुल्क ही पदवी दिली. सरकारची पदवी गेली आणि लोकांची पदवी मिळाली. हीच पदवी आजही त्यांच्या नावामागे लावतात.

यात मोठी कसोटी होती. महाविद्यालयाची इमारत नुकतीच उभी राहत होती. सरकार रागावले असते, तर संस्थेचे नुकसान झाले असते. संस्थानिकांनी हात आखडता घेतला असता. विश्वस्ताने अशा वेळी काय करावे? संस्थेसाठी आपले मत गिळावे, की मतासाठी संस्था धोक्यात घालावी? हकीमसाहेबांनी आपली पदवी परत केली, कारण ती त्यांची स्वतःची होती. संस्थेचे काम मात्र त्यांनी राजकारणात ओढले नाही. स्वतःचे काय आणि अमानत काय, हा फरक त्यांनी नीट ओळखला होता.

१३ फेब्रुवारी १९२१ रोजी महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. ते महात्मा गांधींच्या हस्ते झाले. असहकाराची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. सरकारी शाळा, सरकारी न्यायालये सोडा, असे गांधीजी देशभर सांगत होते. तरीही त्याच समारंभात लॉर्ड हार्डिंग आणि लेडी हार्डिंग यांच्या तसबिरींचे अनावरणही गांधीजींच्याच हस्ते झाले. हे पाहून अनेकांना नवल वाटले असेल. परंतु ज्यांनी संस्थेच्या पायाभरणीत मदत केली, त्यांचे उपकार विसरायचे नाहीत, ही हकीमसाहेबांची सभ्यता होती. लढा अन्यायी राज्याशी होता. माणसाने केलेली मदत नाकारण्याचे कारण नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसचे अधिवेशन अहमदाबादला भरले. नियोजित अध्यक्ष देशबंधू चित्तरंजन दास तुरुंगात होते. त्यांच्या जागी हकीम अजमल खान यांनी अध्यक्षपद भूषवले. यापूर्वी १९१९ मध्ये ते मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचेही अध्यक्ष झाले होते. हिंदू आणि मुसलमान यांच्यात एकी राहावी, हा त्यांचा ध्यास होता.

आणखी एका संस्थेचा भार त्यांच्या खांद्यावर होता. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामिया या राष्ट्रीय विद्यापीठाची स्थापना झाली. हकीमसाहेब तिचे पहिले कुलपती झाले. सुरुवातीला खिलाफत चळवळीच्या निधीतून जामियाचा खर्च चाले. १९२४ मध्ये तुर्कस्तानातील खिलाफतच संपुष्टात आली आणि हा निधी आटला. जामिया बंद करावी, असे काहीजण म्हणू लागले. हकीमसाहेबांनी ते ऐकले नाही. १९२५ मध्ये त्यांनी जामियाला अलीगढहून दिल्लीला, करोल बाग येथे आणले. स्वतःच्या कमाईतून ते तिचा खर्च भागवू लागले. त्याच वर्षी ते युरोपला गेले. तेथे शिकणारे डॉ. झाकीर हुसेन आणि त्यांचे मित्र त्यांना व्हिएन्नात भेटले. शिक्षण संपवून जामियाची सेवा करण्याचे वचन या तरुणांनी दिले. १९२६ मध्ये परत येऊन त्यांनी ते पाळले. हेच डॉ. झाकीर हुसेन १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले.

दोन संस्थांचा भार, रोग्यांची गर्दी, प्रवास आणि राजकारणाची धावपळ यांनी हकीमसाहेबांची प्रकृती ढासळली. त्यांचे हृदय दुबळे झाले होते. दुसऱ्यांना विश्रांतीचा सल्ला देणाऱ्या वैद्याने स्वतः विश्रांती घेतली नाही. २९ डिसेंबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले. दिल्लीत त्यांचे दफन झाले. त्यांच्या पश्चात जामियाला पैशाची फार चणचण भासली. हकीमसाहेब एकटे किती भार वाहत होते, हे तेव्हा सर्वांना कळले.

हकीमसाहेबांनी लावलेल्या रोपाला त्यांच्या मृत्यूनंतर फळ आले. देशी औषधांचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेले डॉ. सलीमुज्जमान सिद्दिकी यांना त्यांनी या कामासाठी निवडले होते. तिब्बिया महाविद्यालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. सिद्दिकी यांनी सर्पगंधा या वनस्पतीवर काम केले. वैद्य आणि हकीम ही मुळी शतकानुशतके वापरत आले होते, पण तिच्यात नेमके काय आहे हे कोणास ठाऊक नव्हते. १९३१ मध्ये डॉ. सिद्दिकी यांनी त्या मुळीतून अनेक शुद्ध द्रव्ये वेगळी काढली. त्यांपैकी एकाला त्यांनी अजमलीन असे नाव दिले. पुढे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकारात या द्रव्याचा उपयोग होऊ लागला. ज्या हकिमाला हृदयविकाराने नेले, त्याचेच नाव हृदयाच्या औषधाला मिळाले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीही याच सर्पगंधेचा रक्तदाबाच्या रोग्यांवर उपयोग करून पाहिला. १९४९ मध्ये त्यांचा लेख ब्रिटनच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. त्यामुळे ही भारतीय मुळी जगभर माहीत झाली.

विश्वस्त मंडळाची पुढची हकिकतही सांगितली पाहिजे. हकीमसाहेबांनंतर त्यांचे चिरंजीव हकीम जमील खान यांनी कारभार पाहिला. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. काही विश्वस्त देश सोडून गेले. उरलेल्यांत वाद सुरू झाले. प्रकरण न्यायालयात गेले. शेवटी १९५२ मध्ये दिल्ली राज्याने खास कायदा केला आणि महाविद्यालय नव्या मंडळाच्या हाती दिले. जुन्या मंडळाने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. १९६१ मध्ये न्यायालयाने हा कायदा योग्य ठरवला. आता हे महाविद्यालय दिल्ली सरकारच्या अखत्यारीत चालते आणि तेथे आयुर्वेद व युनानी या दोन्ही शाखा शिकवल्या जातात. मुलांनो, यातून काय दिसते? केवळ कागदावर विश्वस्त मंडळ असून भागत नाही. अमानत जपणारी माणसे असावी लागतात. माणसे भांडत बसली, तरी अमानत बुडू नये, म्हणून समाजाला आणि सरकारला पुढे यावे लागते.

करोल बागेत आज अजमल खान यांच्या नावाचा रस्ता आहे आणि बागही आहे. अलीगढच्या तिब्बिया महाविद्यालयालाही त्यांचेच नाव दिले आहे. २०१७ पासून त्यांचा जन्मदिवस, ११ फेब्रुवारी, युनानी दिन म्हणून साजरा केला जातो. आपल्या महाराष्ट्रातही मुंबई, पुणे, मालेगाव येथे युनानी महाविद्यालये आहेत. तुमच्यापैकी एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उद्या तेथे शिकायला जाईल. तेव्हा वर्गात बसताना एक गोष्ट लक्षात असू द्या. ही विद्या एके काळी एका हवेलीच्या चार भिंतींत बंद होती. एका घराण्याने त्या हवेलीचे दार उघडले, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. मिळालेली विद्या हीसुद्धा अमानत आहे. ती वाढवून पुढच्याच्या हाती द्यायची असते.

शब्दार्थ

विश्वस्त – अमानतदार. ठेव – अमानत. मुखोद्गत करणे – तोंडपाठ करणे, हिफ्ज करणे. रीघ लागणे – गर्दी होणे, रांग लागणे. दगावणे – मरण पावणे. निदान – रोग ओळखणे, तशखीस. शल्यचिकित्सक – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, जर्राह. कोनशिला – इमारतीच्या पायाचा पहिला दगड. तसबीर – चित्र, तस्वीर. हात आखडता घेणे – मदत कमी करणे. चणचण – टंचाई, तंगी. अखत्यार – अधिकार, इख्तियार.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हकीम अजमल खान यांचा जन्म कोणत्या घराण्यात झाला?
(आ) हिंदुस्तानी दवाखान्याचा नफा कशासाठी वापरला जाई?
(इ) तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले?
(ई) अजमलीन हे द्रव्य कोणत्या वनस्पतीतून मिळाले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हकीमसाहेबांच्या फीचा नियम कोणता होता?
(आ) लंडनच्या भेटीतून हकीमसाहेबांनी कोणता धडा घेतला?
(इ) पदवी परत करताना त्यांनी कोणता फरक ओळखला होता?

३. खालील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
रीघ लागणे, पाठ फिरवणे, मागे न हटणे, हात आखडता घेणे.

४. या पाठात आलेले, उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधून लिहा. त्यांचा मराठीतील आणि उर्दूतील अर्थ सारखाच आहे का, ते पाहा. (उदाहरणार्थ : दवाखाना.)

५. तुमच्या गावातील एखादी शाळा, वाचनालय किंवा रुग्णालय कोणी सुरू केले, ते वडीलधाऱ्या माणसांना विचारा आणि दहा ओळी लिहा.